पर्जन्यमापकावरचं इरलं

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोणावळ्याचा पाऊस सरकारी गुपित झाला होता, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. आख्खं गाव चार महिने नखशिखांत भिजायचं, पण किती इंच पडला ते बोलायची बंदी. वर्तमानपत्रांनीही आकडे छापणं थांबवलं. कामशेतचा एक तांदळाचा व्यापारी स्टेशनवर भेटला की हटकून विचारायचा, "ताई, काल किती झाला?" मी म्हणायची, "बाहेर उभे राहा, कळेल."

आमच्या परसात सरकारी पर्जन्यमापक होतं. वर पितळी नरसाळं, आत पाणी साठायची बाटली. आधी वडील नोंद ठेवायचे. त्यांचे पाय गेले आणि काम माझ्याकडे आलं, तेही 'तात्पुरतं' असा शेरा मारून. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली मी. माझं म्हणावं असं तेवढं एकच काम होतं आणि ते हातचं जाऊ द्यायचं नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं. आभाळ फाटो की वीज पडो, सकाळी आठाच्या ठोक्याला मी परसात हजर.

हवामान खात्याचे एक साहेब पुण्याहून आले आणि सांकेतिक तार कशी करायची ते शिकवून गेले. बाईमाणसाच्या पोटात गुपित राहील का, असं त्यांनी वडिलांना माझ्यासमोरच विचारलं. असा संताप झाला माझा! पण गिळला. मग चहा पिताना ते म्हणाले, "तिकडे उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात दोन्ही बाजूंनी माणसं बसवलीत म्हणे, नुसती थंडीवारा मोजायला. त्या जागेसाठी एकमेकांवर गोळ्या झाडतात. तिथली हवा ज्याला आधी कळते, त्याला युरोपातलं दोन दिवसांनंतरचं आभाळ कळतं. विमानं कधी उडवायची ते मग तो ठरवतो." एका थर्मामीटरसाठी माणसं जीव देतात, हे माझ्या मनातून काही केल्या जाईना.

त्याच वर्षी आषाढात एकदा दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता. वडिलांना ताप, म्हणून मी त्यांच्या उशाशी बसून होते. सकाळी आठला परसात गेले आणि जागच्या जागी थबकले. मापकावर इरलं घातलेलं! वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दोन धोंडे. आतल्या बाटलीत तळाला जेमतेम चार थेंब.

इरलं कुणाचं ते लगेच ओळखलं. ठाकरवाडीची मावशी आदल्या दुपारी रानभाजी देऊन गेली होती. भाताच्या लावणीला वाकली की हेच पानांचं इरलं तिच्या डोक्यापाठीवर असायचं. आमच्या मावळात पावसाळा म्हणजे झाकायचे दिवस. सरपण झाका, गवत झाका, वासरू झाका. चांगलं पितळी भांडं भिजतंय, बाई विसरली, असं समजून तिनं आपलं इरलं त्यावर घातलं आणि स्वतः भिजत डोंगर चढून गेली.

वडील म्हणाले, "सात इंच लिही. इतक्या वर्षांचा अंदाज आहे माझा." मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण न मोजलेला आकडा कसा लिहायचा? टेलिफोनच्या तारा तोडल्याच्या संशयावरून त्या दिवसांत पोलीस माणसं धरून नेत होते. लढाईत सरकारी मापक झाकलं म्हटल्यावर मावशीला घातपाती ठरवायला कितीसा वेळ? मी इरलं माळ्यावर टाकलं आणि तार केली: मापक झाकलेलं राहिलं, मोजमाप नाही, चूक निरीक्षकाची.

तिसऱ्या दिवशी साहेब दारात. "कुणी झाकलं?"

"नोंद माझी, चूक माझी."

"मग अंदाजे आकडा घाला. रिकामी जागा दिसली तर वरचे लोक हे काम दुसऱ्याला देतील."

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुमचा तो बर्फातला माणूस. बोटं गारठली म्हणून त्यानं अंदाजे आकडा ठोकून दिला, तर चालेल तुम्हाला? त्या आकड्यावर विमान उडवाल?"

ते काही बोलणार, तोच मावशी पोत्याची खोळ पांघरून अंगणात आली. "ताई, माजं इरलं दे. लावनी हाय."

साहेबांनी विचारलं, "भांडं तू झाकलंस?"

"व्हय, म्याच. भिजत व्हतं. ताई तिच्या आबांच्या दुखन्यात, इसरली आसंल म्हनलं."

साहेबांनी तिच्या ओल्या खोळीकडे पाहिलं. मग नोंदवहीचं ते पान उघडून त्यांनी रिकामी जागा तशीच ठेवली आणि खाली आपली सही केली. मी माळ्यावरचं इरलं काढून मावशीला दिलं.

"मंग त्ये भांडं भिजायलाच ठिवलंय?" जाता जाता तिनं विचारलं.

"व्हय मावशी, भिजू दे त्याला."

महिन्याभरानं खात्याचं पत्र आलं. निरीक्षक म्हणून माझं नाव होतं आणि 'तात्पुरतं' हा शब्द गाळला होता.