पेशंट कोण?

कमलकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा तिच्या मुलाने बातमीला लगेच शेपूट जोडलं, "सुटली बिचारी. डोक्याचा त्रास होताच तिला..." काकू गेली हृदयविकाराने. पण आमच्या घराण्याला मेलेल्या बाईचंही डोकंच तपासायची हौस. तिच्या डोक्याला कधीही काही झालं नव्हतं. दीड महिन्यानंतर हे लिहिते आहे, कारण जुन्या जालन्यातला आमचा गोतावळा पेपरची ही पुरवणी चवीने वाचतो.

झालं होतं ते नानांना, माझ्या काकांना. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं साल असेल. हसनाबादची शेती आणि मस्तगडचं कापडदुकान सांभाळणारा, मिशीला पीळ देणारा हा गडी एकाएकी दुकान उघडेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, रडायचा. आमच्याकडे रडण्याचेही नियम होते. आजी रात्र रात्र जागी राहिली तर वय झालं, उपवर मुलगी गप्प झाली तर लग्न लावून द्या, बाईचं बिनसलं तर डॉक्टर, बाबा, सगळं खुशाल... मिशीवाल्याला मात्र फक्त पित्त होऊ शकत होतं. त्यात बाजारातली पत. शेवटी औरंगाबादच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, तेव्हा तोड नानांनीच काढली.

"तुझ्या नावानं जाऊ," ते काकूला म्हणाले. "बाईमाणसाला कोण काय म्हणून राह्यलं?"

काकू तयार झाली. आदल्या आठवड्यात तिने त्यांना शेतातल्या विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं, हे मला फार नंतर कळलं. कॉलेजात असताना मी एकदा त्यांच्यासोबत गेले. बाकावर काकू, तिच्या उजवीकडे नाना, तोंडासमोर पेपर. नर्सने विचारलं, "पेशंट कोण?" काकू पदर सावरत उठली, "मी." आत गेल्यावर बोलायचे नाना. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सगळं उमगलं होतं. ते नानांकडे बघत काकूची विचारपूस करायचे. रात्री गोळी नानांच्या ताटात, लोणच्याशेजारी. नाना सावरले, दुकान चाललं. वेड्या बायकोला सांभाळणारा देवमाणूस म्हणून त्यांचा सत्कार तेवढा व्हायचा राहिला.

काकूला काय मिळालं? नातू झाला तेव्हा सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बसा. लेकरू पडंल." काकूचे पुढे केलेले हात तसेच मागे आले. नाना शेजारीच सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला नाही.

"सांगून का टाकत न्हाईस?" मी चिडून तिला विचारलं.

"मंग ते गोळ्या सोडतील गं. अन् पुन्हा..." नातू शाळेत जाऊ लागला तरी तो एकदाही तिच्या मांडीवर झोपला नाही.

तेराव्याला पंगतीत सगळ्यांनी नानांच्या सहनशक्तीचं कौतुक केलं. मी वाट पाहत होते, एका वाक्याची. नानांनी आणखी एक लाडू घेतला. मला त्यांची कीव यायला हवी. येत नाही.

गेल्या आठवड्यात म्हणाले, "गोळ्या संपत आल्यात. सोबत येतीस का?" गेले. तोच बाक. सवयीने डावीकडची जागा मोकळी सोडून नाना बसले. मी समोर उभी राहिले. नर्स नवी होती, प्रश्न जुनाच.

"पेशंट कोण?"

नानांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हलले नाही.

"पेशंट वारली," नाना म्हणाले. "गोळ्या तेवढ्या चालू ठेवा."