कादंब आल्याची बातमी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी माझं खरं वजनसुद्धा सांगितलेलं आहे. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. बसा जरा.

नेरला मी एका दैनिकाची तालुका प्रतिनिधी आहे. काय झालं, कुठे झालं, कोणी पाहिलं — हे तपासल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. म्हणजे, एकदा सोडून.

गावाबाहेर तलाव आहे. वनखात्याने अलीकडे तिथे पाटी लावली, मनोरा बांधला. पक्षी पाटी लागण्याच्या आधीपासून येतात. हिवाळ्यात पट्टकादंब येतात. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून आलेले. आमचा पाच-सहा जणांचा कंपू रविवारी दुर्बिणी घेऊन जातो. कंपूचा एक रिवाज आहे. कादंब आल्याचं जो पहिल्यांदा सांगेल, त्याच्या नावाने तलावाच्या पाळीवर गोवऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायचे, आणि तुपात बुडवलेला पहिला रोडगा त्याचा. वर्षानुवर्षं तो राठोड सर खात आले.

सर मला शाळेत चित्रकलेला होते. माझं चित्र वर्गासमोर धरून, ‘हा कावळा व्हय का कोंबडी वं?’ असं त्यांनी विचारलं होतं. निवृत्तीनंतर ते तलावालगतच्या तांड्यावर राहतात आणि हिवाळाभर सकाळी पाळीवर बसतात. न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणायचा नाही, हा त्यांचा नियम. एकदा आम्हा सगळ्यांना एक दुर्मीळ ससाणा दिसला. सर म्हणाले, “मले शेपटी नाही दिसली.” झालं. कोणालाच दिसला नाही असं ठरलं.

तर — एका शनिवारी संध्याकाळी यवतमाळच्या कार्यालयातून फोन आला. पानावर जागा रिकामी राहिली होती. “ताई, काहीतरी हलकंफुलकं द्या.” माझ्याकडे मागच्या वर्षीचा फोटो होता. कादंब त्याच सुमारास येतात. मग एक-दोन दिवसांच्या फरकाने काय बिघडतं? मी लिहिलं : ‘शनिवारी सकाळी तलावावर सुमारे चाळीस पट्टकादंब उतरले.’ ‘सुमारे’ हा शब्द मी मुद्दाम घातला. अचूकपणासाठी. शनिवारी सकाळी मी पिठाच्या गिरणीत होते.

रविवारी पाळीवर गेले तर सर बसलेले. मांडीवर पेपर.

“सुनंदा, काल मी इथंच बसून होतो वं. सकायपासून दुपारलोक. मले एकबी नाही दिसला.”

इथे बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, “सर, पलीकडच्या काठाला होते. फार लांब.”

पहिलं खोटं पानासाठी होतं, असं एक वेळ म्हणता येईल. हे कोणासाठी होतं?

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पलीकडे पाहिलं. “माहे डोये गेले, अजून काय.”

तेवढ्यात औषध दुकानवाले देशमुख आले. त्यांनी दुर्बीण लावली, थोडा वेळ हुंकार दिले आणि म्हणाले, “ते काय, गवताच्या मागं.” मग त्यांच्या सौभाग्यवतींनाही दिसले. मग सगळ्यांनाच. पेपरात छापून आल्यावर न दिसायला हिंमत लागते. ती एकट्या सरांकडे होती. आणि त्यांना वाटलं, तो मोतीबिंदू आहे.

रोडगे झाले. पहिला माझ्या हातात आला. मी खाल्ला. चव चांगली होती — हेही सांगायला हवं.

सरांना घेऊन यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण कच्चा, घाई नको. सरांनी खिशातून बातमीचं कात्रण काढलं. “चाळीस होते, डॉक्टरसाहेब. मले एक नाही दिसला. काहाडून टाका.” डॉक्टरांनी कात्रण वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी कोणाकडे पाहिलं? भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे. शेवटची ओळसुद्धा मला स्वच्छ वाचता येत होती.

पुढे दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला पट्टी बांधून सर घरी बसलेले असतानाच कादंब आले. खरेखुरे, कलकलाट करत. देशमुखांनी ग्रुपवर टाकलं : ‘दुसरा थवा दाखल.’ सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला.

ऑपरेशन उत्तम झालं. सर आता चौकातून बसची पाटी वाचतात; घरी काकूंना भाजीतली अळी दाखवतात आणि बोलणी खातात. तुम्ही म्हणाल, मग वाईट काय झालं? मीही बराच काळ स्वतःला हेच सांगत होते. पण सरांनी कंपूत जाहीर केलं आहे, “आता हे सुनंदाच सांगन. माह्या नजरेचा भरोसा नाही राह्यला.” पाळीवर बसतात, बघतात, बोलत नाहीत. ज्या माणसाने शेपटी दिसली नाही म्हणून अख्खा ससाणा नाकारला, तो आता बगळासुद्धा मला विचारून बगळा म्हणतो. ते डोळे कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे?

या हिवाळ्यात आम्ही दोघंच लवकर पोचलो होतो. सरांनी मान वर केली आणि आभाळात एका जागी नजर लावून धरली. मग माझ्याकडे बघून वाट पाहत राहिले. मी म्हणाले, “आले, सर.”

“तू म्हनतं तं आले असतीन,” ते म्हणाले.

त्यांना ते माझ्या आधी दिसले होते. हे मी तपासून सांगते आहे. मी तेव्हा आभाळाकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते.