उष्टा दोरा

शिंपीकाकांना एकच खोड. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं. काकू लग्नापासून म्हणत आल्या, "अख्ख्या गावाला तुमचं उष्टं अंगावर वागवायला लावता." काका हसायचे आणि पुढचं बटण घ्यायचे.

थोरला भाऊ हरवला तसं हे हसणं कमी झालं. म्हातारपणी दादा विसरायला लागला होता. कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणाला, तो गेलाच. पुढे देशभरची डीएनए नोंदणी सुरू झाली, तेव्हा काका आपणहून गेले. कुठल्या दवाखान्यात बिननावाचा माणूस सापडला, तर सख्ख्या भावाशी ताडून बघता येतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. गालात कापसाची काडी फिरवली, झालं. घरी येऊन काका म्हणाले, "आता दादा सापडलाच समज."

वर्षभराने दारात पोलीस आले. काका अनवाणीच धावले. "दादा सापडला?"

कसला दादा! सोनाराचं दुकान फुटलं होतं. चोराच्या कोटाचं बटण तिथे पडलं होतं आणि त्याच्या दोऱ्यावर काकांची थुंकी होती.

पोलीस काकांना ठाण्यात घेऊन गेले. मागोमाग काकू सुईदोरा घेऊन पोचल्या. "साहेबांच्या बाहीचं बटण लोंबतंय. लावून द्या."

काकांनी सुई घेतली. दोरा सवयीने ओठांत गेला.

"बघा," काकू म्हणाल्या. "उद्या तुमचं बटण कुठे पडलं, तरी यांनाच उचलाल."

साहेबांनी चौकशी करून काकांना सोडलं, पण आडपडदा ठेवला नाही. "थुंकी तुमचीच होती, मशीन चुकलं नाही. असं पुन्हाही होईल. अर्ज केलात तर नमुना काढून टाकू. मग भावाची आशा मात्र सोडा."

नमुना काढून टाका, असा काकूंनी घरी धोशाच लावला. शेजारी कुजबुजत होते, जुनी गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मलाही भीती वाटते गं," ते म्हणाले. "पण नमुना काढला, तर दादा कुणाचा हे सांगणारं कुणी उरत नाही. राहू दे."

काकूंनी मशीनजवळ पाण्याची वाटी ठेवली. काका आता दोरा तीत बुडवतात आणि चिडचिडतात. जुने दोरे मात्र गावभरच्या कोटांत आहेतच.

दारावर थाप पडली की दोघांचे हात थांबतात. बातमी दादाची असो की आणखी कुठल्या बटणाची, घेऊन येणार पोलीसच. काका दार उघडतात आणि समोर कोण आहे ते न बघताच विचारतात, "दादा सापडला?"