अंगणातला डबा

मी एसी-फ्रीजचा मिस्त्री. दुकान चिखलीत, घर उंद्रीत. चुलीच्या धुरानं मायची छाती पार खलास झालती. डॉक्टरनं बजावलं, "हिले थंडी लागू देऊ नका, अन् खोलीत धूर तं बिलकुल नाही." म्हनून खोलीतली शेगडी बंद केली अन् म्या मायच्या खोलीत गरम हवेचा एसी बसवला, त्याचा बाहीरचा डबा अंगणात.

माहा मोठा भाऊ, दादा, भडक डोक्याचा. अंगणातल्या डब्यासमोर हात धरून वरडला, "हा तं गार हवा फेकते बे! मायले मारतं का?"

"दादा, ऐक ना. गार हवेतबी ऊब असते. हा डबा ती ओढून घेते, कॉम्प्रेसर गॅस दाबून तापवते, अन् ती ऊब आत सोडते. ऊब काढल्यावर हवा गारच निघन ना! फ्रीजमागं हात लावून पाह्य, गरम लागते का नाही?"

"गार हवेत ऊब? मले येडं समजतं का?"

अर्धा तास घसा कोरडा केला. शेवटी म्याबी शिवी हासडली अन् दुकानात निघून गेलो.

संध्याकाळी येऊन पाह्यतो तं काय, दादा लोखंडी सब्बल घेऊन डब्यावर तुटून पडला होता. पत्रा फाटला, पंखा मोडला, गॅस फुसफुसत बाहीर. "दिवसभर चालू हाये अन् माय कुडकुडून राह्यली!" माहं डोस्कंच फिरलं. त्याची गचांडी धरून म्या त्याले भिंतीवर आपटलं. त्यानं सब्बल फिरवली, माह्या मनगटाचं हाड कटकन मोडलं. म्या डाव्या हातानं त्याचं तोंड फोडलं. आतून माय खोकलत होती, पन आमचं लक्ष कुठं! खोकला थांबला तवा दोघंबी थांबलो.

खोलीत धूरच धूर. मायच्या खाटेजवळ दादानं शेगडी पेटवून ठेवलती.

दवाखान्यात नेईपर्यंत माय गेली. दवाखान्याच्या ओसरीत दादा रक्ताळल्या तोंडानं रडत होता. "खिडकी तं सकाळपासून उघडी ठेवलती रे, कूलरले ठेवतो तशी. शेगडी पेटवली तवाच लावली, ऊब जाऊ नये म्हनून."

गॅस सांगतला, कॉम्प्रेसर सांगतला. खिडकी लावून ठेव, एवढंच म्या सांगतलं नव्हतं.

हे दादाले अजूनबी नाही सांगतलं. गावातले लोक त्याले मायचा मारेकरी म्हनतात. तो खाली मान घालून ऐकते. मीबी बाजूले उभा राहून ऐकतो.