बटनकाका आणि हिरवा चेहरा

बटनकाका कुणालाही ‘पंखा बंद करा’ म्हणत नसत. रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडून उभे राहत आणि विचारत, "काहून जी, हवा बरोबर लागून राहिली ना?" खुर्चीचा मालक लाजून धावत येई. आमच्या नागपूरच्या कार्यालयात ते कंत्राटी शिपाई होते.

त्यांचं गाव मौद्याकडचं, कोळशाच्या वीज केंद्राला लागून. "बाई, कूलर तुमचा फुकट चालते अन् राख आमच्या वाळवणावर पडते," असं ऐकवून ते माझा कूलर बंद करत. भर मे महिन्यात! मी नुसती धुमसायचे.

मग साहेबांनी भिंतीवर एक डिजिटल पडदा लावला. प्रत्येक विभागाची वीज मोजून तो चेहरा दाखवी. उधळपट्टी केली की लाल, रडका. वाचवली की हिरवा, हसरा. मोबाइलवरही तोच. माझा विभाग कायम हिरवा! नातवंडं मोबाइलला चिकटली की आज मी रागावते. पण तेव्हा वय चौपन्न आणि अक्कल चौदाची, अशी मी रोज तो चेहरा नातेवाइकांना पाठवत होते. बटणं कोण दाबतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी अहवाल मागितला. मी ऐटीत लिहिलं, ‘पडद्यामुळे कर्मचाऱ्यांना आपोआप सवय लागली आहे.’ काकांचं नाव घातलं असतं तर शाबासकी वाटून घ्यावी लागली असती ना!

त्या एका वाक्यावर ‘मग शिपाई कशाला?’ असं साहेब म्हणाले आणि काकांचं कंत्राट थांबलं. मी धावत जाऊन साहेबांना खरं काय ते सांगितलं.

"मॅडम, अहवाल वर गेला. सही तुमचीच आहे."

शेवटच्या दिवशी काकांपुढे सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "जाऊ द्या, बाई. दोन वर्षं अजून पाहिजे होती मले. नात कॉलेजात शिकून राहिली."

आठवड्यात आमचा चेहरा लालभडक झाला. मला तर आनंदच झाला. आता तरी काकांना बोलावतील! साहेबांनी आणखी मोठा पडदा मागवला.

रिकाम्या खुर्च्यांवर फिरणारे पंखे मात्र मला बघवेनात. जेवणाच्या सुट्टीत मीच गुपचूप बटणं दाबत फिरू लागले. महिन्याभरात चेहरा पुन्हा हिरवा झाला. साहेब मुद्दाम माझ्या टेबलाशी आले.

"बघा मॅडम, म्हटलं होतं ना? माणूस लागतच नाही."