फॅक्टरसरांचं ताट

आमच्या जळगावच्या कॉलेजात फॅक्टरसरांना नुसता नमस्कार केला, तरी पाऊण तास गेलाच म्हणून समजायचं. “ताप का येतो?” हे तेच विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे: ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. हे एक प्रथिन, पेशी ते एकमेकींना निरोप म्हणून धाडतात. जंतू शिरले की ते पेशींना लढायला उठवतं, आणि मुक्काम ठोकून बसलं की सांधे सुजवतं, माणसाला वाळवतं. “निरोप तोच हो, ऐकणारी पेशी कोणती त्यावर सगळं,” असं सर बजावत.

अभ्यासक्रमात या प्रथिनाला दोन ओळीही नव्हत्या, पण सरांना त्याचं काय? शिपाई तापाने फणफणला, तर गोळी द्यायच्या आधी यांनी त्याला फळ्यावर पेशी काढून दाखवली. प्राचार्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर तर भर स्टाफरूममध्ये व्याख्यान झोडलं. मी त्यांच्याच खात्यात डेमॉन्स्ट्रेटर, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. तीन महिन्यांत ते इतके वाळले की ओळखू येईनात. त्यांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. त्या बिचाऱ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, तुपातले लाडू करकरून थकल्या. सर ताट सरकवून द्यायचे. पारोळ्याहून आलेली नणंद चार बायांसमोर म्हणाली, “मन्हा भाऊ इतला कसा सुकना? घरमा खावाले नही भेटस का?”

त्या दिवशी अक्कांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. “खरं सांग भाऊ, मन्हा हातनी चव गयी का?”

मी तडक सरांच्या खाटेपाशी गेलो. “सर, भूक का मेली ते अक्कांना सांगितलंत का?”

“तिला काय कळणार? सातवी शिकलेली ती,” सर म्हणाले.

शिपायाला सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं, अख्ख्या कॉलेजाचं डोकं उठवलं, आणि जी बाई रोज चुलीपुढे स्वतःला कोसत होती तिला चकार शब्द नाही! माझं टाळकंच सणकलं. मी परत स्वयंपाकघरात गेलो आणि पाटावर बसून अक्कांना सगळं सांगितलं. आजारामुळे अंगात असे निरोप सुटतात, ते भूक मारतात, अंगावरचं मांस झिजवतात, तिथे तुमच्या तुपाचं काही चालत नाही.

अक्कांनी पदराने डोळे पुसले. मग विचारलं, “मंग त्या निरोपले थांबाडता नही येस का?”

“तसं औषध अजून निघालेलं नाही, अक्का,” मी म्हणालो. 

पंधरा दिवसांत सर गेले. दहाव्याला नणंदेने पुन्हा तोच सूर लावला. अक्का उठल्या नाहीत की रडल्या नाहीत. जमलेल्या बायांना त्यांनी निरोपापासून झिजण्यापर्यंत सगळं आपल्या अहिराणीत समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, “मी त्यासले उपाशी नही ठेवं.”

सरांवर माझा फार जीव होता. पण हे त्यांनी जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने अक्कांना सांगायला हवं होतं. त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.