दवाखान्यातलं घुबड

आमच्या दातांच्या दवाखान्यात बाई चौदा वर्षं आहेत. पेशंटना वेळ द्यायची, रडणाऱ्या पोरांना गप्प करायचं, मला उशीर झाला की माझी बाजू सावरायची. इतक्या साध्या, की त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्या सकाळी मी एका आजोबांची दाढ काढत होतो. तेवढ्यात साध्या वेशातले दोन पोलीस आले, सोबत सिनेमा कंपनीच्या एक मॅडम.

"इथे 'घुबड' कोण?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

मला हसू आवरेना. "साहेब, दवाखाना चुकलात. जनावरांचे डॉक्टर पलीकडच्या गल्लीत बसतात."

"मीच," बाई म्हणाल्या.

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. आजोबा आ वासून बघतच राहिले.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. बाईंच्या मिस्टरांचे कान तापात गेलेले. सिनेमा म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण नुसते ओठ हलताना पाहून ते वैतागून उठून जायचे. मग बाईंनी इंटरनेटवर चोरीचे सिनेमे वाटणारा एक ग्रुप गाठला आणि तिथे 'घुबड' हे टोपणनाव घेतलं. जेवणाच्या सुट्टीत आमच्याच कॉम्प्युटरवर बसून त्या प्रत्येक वाक्य ऐकायच्या आणि चित्राखाली त्याची अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, टाकायच्या. घुबडाची अक्षरं हजारो लोक वापरू लागले. घुबड म्हणजे कुणी कॉलेजातला मुलगा, असाच सगळ्यांचा समज! यावेळी ग्रुपनं त्यांना प्रदर्शित न झालेला सिनेमा पाठवला. चार दुपारी खपून त्यांनी तो पुरा केला, आणि पाचव्या दिवशी तो घरोघरी पोचला.

"सहाशे माणसं तीन वर्षं राबली होती," मॅडम म्हणाल्या. "प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी थिएटरं ओस पडली."

"मी फक्त अक्षरं लिहिली हो. चोरी..." बाई म्हणू लागल्या.

सिनेमा पाठवला कुणी, ते त्यांना सांगता येईना. ग्रुपवर नऊ वर्षं वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांपैकी एकाचंही खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. इन्स्पेक्टरनं ग्रुप उघडायला लावला. धाडीची कुणकुण तिथे आधीच लागली होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'घुबड? आम्ही नाही ओळखत.' पोलिसांना पाहून न हललेल्या बाईंनी ते वाचून तोंड भिंतीकडे फिरवलं.

जबाब झाल्यावर मी त्यांना घरी सोडलं. त्यांनी सगळं कागदावर लिहून मिस्टरांपुढे धरलं. हल्ली सिनेमे अक्षरांसकटच येतात, असं ते समजून चालले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांच्या तोंडून तूच बोलत होतीस?" ते मोठ्यानं म्हणाले. आणि रडू लागले.

पहिलाच गुन्हा, तोही कबूल केलेला. कोर्टानं बाईंना चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. सिनेमा पाठवणारा अजून सापडलेला नाही. बाईंना मीच कामावर परत बोलावलं. त्या पूर्वीसारख्याच बोलतात, वागतात. मीच मेला अधूनमधून हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहतो.